हाताला दुखापत झाली असताना व्यायाम कसा चालू ठेवावा

हात दुखावला की व्यायाम करणारी माणसे बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जातात. काही जण प्लास्टर निघेपर्यंत सगळाच व्यायाम बंद करतात आणि पाय, पाठ व हृदय यांनी कित्येक महिन्यांत कमावलेले बळ विनाकारण घालवतात. काही जण पट्टी गुंडाळून चौथ्याच दिवशी वजनांकडे वळतात आणि जुळू पाहणारे हाड किंवा नुकतीच शिवलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) धोक्यात घालतात. यांच्या मधली वाट नीट आखता येते. हाताच्या दुखापतीमुळे व्यायामातून नेमक्या तीन गोष्टी वजा होतात: पकड, तळव्यावर भार घेण्याची सोय आणि तोल गेल्यास हात टेकून सावरण्याची क्षमता. या तिन्हींची गरज नसलेला व्यायाम भरपूर आहे, आणि तो कसा निवडावा, कोणत्या क्रमाने वाढवावा हे नवशिक्याला समजावे यासाठी हा लेख आहे. आपल्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने याहून वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे, कारण आपला हात त्यांनी तपासलेला आहे.

पहिली पायरी: दुखापतीचे नाव नक्की करून घ्या

मनगट आणि पंजा मिळून एका हातात २७ हाडे असतात, आणि त्यांच्या भोवती कंडरा, अस्थिबंध (हाडाला हाडाशी जोडणारे पट्टे) व नसा इतक्या दाटीने बसलेल्या असतात की नुसते ‘हात मुरगळला’ एवढ्या माहितीवर व्यायाम ठरवता येत नाही. पसरलेल्या तळव्यावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूच्या खोलगट जागेत दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडले असण्याची शक्यता असते. हे मोडणे पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा अधिक बारकाईची तपासणी करतात. या हाडाच्या काही भागाला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते जुळायला इतर छोट्या हाडांपेक्षा जास्त काळ लागतो. ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर विसंबून जोर काढायला सुरुवात करणाऱ्यांचे नुकसान इथेच होते.

तळहाताच्या लांब हाडांपैकी एखादे मोडले आणि ते जागेवरून फारसे सरकले नसेल, तर साधारण तीन ते सहा आठवडे आधार द्यावा लागतो. बोटाचे टोक सरळ करणारी कंडरा तुटून ते खाली झुकले असेल, तर सहा ते आठ आठवडे ते टोक अखंड सरळ ठेवावे लागते, आणि मध्ये एकदा जरी ते वाकले तरी दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते; अशा माणसाने व्यायामाच्या वेळी स्प्लिंट (बोट सरळ धरणारी आधाराची पट्टी) काढून ठेवण्याचा विचारही करू नये. बोटे मिटवणारी कंडरा शिवलेली असेल, तर जड वस्तू धरण्यावर बहुधा १२ आठवड्यांपर्यंत बंधन असते, कारण शिवण वरून बरी दिसली तरी आतली कंडरा ताण सोसण्याइतकी पक्की व्हायला वेळ लागतो.

डॉक्टरांना ‘व्यायाम करू का’ असे विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा ‘थोडे दिवस थांबा’ असेच येते, आणि त्यात चूक त्यांची नसते. प्रश्नच फार मोघम असतो. त्याऐवजी नेमके विचारावे. कोणते सांधे मी रोज हलवलेच पाहिजेत आणि कोणते मुळीच हलवायचे नाहीत? या हाताने पेलाभर पाणी उचलू शकतो का, आणि भरलेली पिशवी केव्हा उचलू शकेन? कोपरावर भार दिलेला चालेल का? घाम आला तर जखमेला किंवा हाड जागेवर धरण्यासाठी बसवलेल्या तारांना अपाय होईल का? या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या कागदावर अवलंबून आहेत.

दुसरी पायरी: पहिले काही दिवस सुजेचे असतात

दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सूज उतरवणे हाच व्यायाम समजावा. बसताना आणि झोपताना हात उशीवर, हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. परवानगी असलेली बोटे दिवसातून अनेकदा पूर्ण उघडावीत आणि मिटवावीत. हात गळ्यातील झोळीत असेल, तर खांदा आणि कोपर रोज झोळीतून बाहेर काढून पूर्ण फिरवावेत. मनगटाच्या दुखापतीनंतर आखडलेला खांदा घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि तो त्रास मूळ दुखण्यापेक्षा जास्त दिवस पुरतो.

बोटांना मुंग्या येणे, ती बधिर किंवा निळसर होणे, प्लास्टर आतून आवळल्यासारखे वाटणे, हात वर ठेवूनही वेदना वाढत जाणे, जखमेतून पू येणे किंवा ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे.

या काळात सपाट रस्त्यावर चालणे पुरे. हात दहा मिनिटे खाली सोडला तरी ठणका लागत नाही, असे झाले की पुढच्या पायरीकडे वळावे, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: पायांना पुढे आणा

शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्या आणि नितंबांमध्ये असतात, आणि त्यांना कामाला लावण्यासाठी हाताची गरज जवळजवळ नसते. नवशिक्याने या सक्तीच्या काळाकडे पाय घडवण्याची संधी म्हणून पाहावे. एरवी छाती आणि दंडांच्या मागे लागून बहुतेकांचे पाय मागेच राहिलेले असतात.

सुरुवात साध्या बैठकांनी करावी. हात छातीशी सैल ठेवून, तीन मोजत खाली जावे, तळाशी एक क्षण थांबावे आणि वर यावे. वजन हातात धरता येत नसल्यामुळे व्यायाम सोपा पडेल असे वाटते, पण कठीणपणा वाढवण्याचे इतर मार्ग आहेत: खाली जाण्याचा वेग कमी करणे, तळाशी जास्त थांबणे आणि एकेका पायावर काम करणे. एक पाय मागे बाकावर ठेवून पुढच्या पायावर केलेल्या बैठका कसलेल्या माणसालाही आठ-दहामध्ये दमवतात. त्यांच्या जोडीला ठेंगण्या, भक्कम पायरीवर चढ-उतार, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे बसून राहणे, उताणे झोपून एका पायावर कंबर उचलणे आणि एका पायावर टाच उचलणे घ्यावे. एका पायावरच्या व्यायामात तोल जाण्याची शक्यता असल्यामुळे भिंत किंवा जड टेबल निरोगी हाताच्या बाजूला असावे. पडलोच तर कोणता हात आपोआप पुढे जाईल, याचा विचार प्रत्येक व्यायामाआधी करावा.

व्यायामशाळा उपलब्ध असेल, तर लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलण्याचे यंत्र), गुडघा सरळ करण्याचे आणि पाय मागे दुमडण्याचे यंत्र ही तिन्ही सोयीची आहेत, कारण त्यांत शरीर टेकलेले असते. खांद्यावर दांडा घेऊन बैठका मात्र या काळात टाळाव्यात. दांडा सांभाळताना मनगट मागे वाकते, आणि तो घसरला तर दोन्ही हात लागतात. अंगात घालायचे वजनाचे जाकीट हा चांगला पर्याय आहे, पण ते घालताना आणि काढताना दुसऱ्याची मदत घ्यावी.

पोट आणि कमरेसाठी तळव्यावर टेकावे लागत नाही असे व्यायाम निवडावेत. उताणे झोपून कंबर जमिनीला चिकटलेली ठेवत विरुद्ध बाजूंचे हात-पाय आळीपाळीने लांबवणे हा त्यांतला सर्वोत्तम, कारण त्यात दुखावलेला हात हवेत मोकळा राहतो. निरोगी बाजूच्या कोपरावर टेकून कुशीवर शरीर उचलून धरणे हाही चालतो. दोन्ही कोपरांवरचे प्लँक (पालथे होऊन शरीर सरळ उचलून धरणे) केवळ डॉक्टरांनी संमती दिल्यावर करावे. प्लास्टर कोपरापर्यंत असेल तर त्याची कड त्वचेला रुतते.

चौथी पायरी: नकळत आवळली जाणारी मूठ ओळखा

नवशिक्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. शरीराचा कोणताही भाग जोर लावू लागला की मेंदूकडून निघालेली आज्ञा त्या भागापुरती राहत नाही, ती आजूबाजूलाही सांडते. जड वजन ढकलताना आपण दात आवळतो, चेहरा आक्रसतो आणि दोन्ही मुठी आवळतो. माझ्या करंगळीखालचे हाड मोडले होते तेव्हा लेग प्रेस पूर्णपणे निर्धोक आहे अशी माझी समजूत होती, कारण हात मांडीवर नुसता ठेवलेला असे. तरीही दर वेळी रात्री हात ठणकत असे. शेवटी बरोबरच्या एका मित्राने दाखवून दिले की शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत स्प्लिंटमधली बोटे मी जिवाच्या आकांताने दाबत होतो. मला त्याचा पत्ताच नव्हता.

यावर उपाय साधे आहेत, पण ते आधीपासून करावे लागतात. दुखावलेला हात तळवा वर करून, बोटे सैल सोडून मांडीवर किंवा छातीवर ठेवावा. तळवा वर असला की मूठ वळते आहे हे चटकन दिसते. श्वास रोखू नये, जोर लावताना तोंडाने सोडावा, कारण श्वास रोखल्यावर रक्तदाब एकदम चढतो आणि सुजलेल्या हातात ठणका उठतो. आणि प्रत्येक संच दोन-तीन आवर्तने शिल्लक असतानाच थांबवावा. अगदी शेवटच्या आवर्तनापर्यंत खेचण्याची सवय इतर वेळी कदाचित उपयोगी पडत असेल, पण मूठ आवळली जाते ती तिथेच. कंडरा शिवलेल्या व्यक्तीसाठी हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे.

पाचवी पायरी: चांगल्या हाताला सुट्टी देऊ नका

एका बाजूचा व्यायाम केल्याने एक हात मोठा आणि एक लहान होईल, या भीतीने अनेक जण निरोगी हातही थांबवतात. हे उलट आहे. १८९४ मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एका हाताने दाब देण्याचा रोज सराव केला असता सराव न केलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही वाढते. पुढे हे निरीक्षण अनेक प्रयोगांतून पक्के झाले, आणि प्लास्टरमध्ये अडकलेल्या हाताची ताकद टिकवण्यासाठी दुसऱ्या हाताचा व्यायाम उपयोगी पडतो असेही दिसून आले. याचे कारण मुख्यतः मज्जासंस्थेत असते: स्नायूंना कामाला जुंपण्याची मेंदूची तयारी दोन्ही बाजूंसाठी सुधारते, जरी बंद बाजूचा स्नायू जाडीने वाढत नसला तरी. हा लाभ मर्यादित असतो, त्याने प्लास्टरमधला हात जसाच्या तसा राहत नाही; पण फुकट मिळणारी मदत नाकारण्याचे कारण नाही.

म्हणून आठवड्यातून तीन दिवस निरोगी हाताने डंबेल ओढणे, डंबेल वर ढकलणे, कोपर दुमडणे आणि शक्य असल्यास मनगट व पकड यांचा व्यायाम करावा. वजन पुरेसे असावे, म्हणजे आठ ते दहा आवर्तनांत काम केल्यासारखे वाटावे, आणि वजन खाली आणताना तीन-चार सेकंद लावावेत, कारण हा परिणाम सावकाश खाली आणण्याच्या टप्प्यात अधिक चांगला मिळतो. बाकावर उताणे झोपून एकाच हाताने डंबेल ढकलताना शरीर त्या बाजूला कलंडते, हे पहिल्याच वेळी ध्यानात येईल; म्हणून नेहमीच्या वजनाच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि दोन्ही पाय जमिनीवर रुंद रोवावेत. डंबेल बाकापर्यंत आणून देणारे कोणी असेल तर उत्तम. ते दोन्ही हातांनी उचलण्याची सवय एका क्षणात घात करते.

सहावी पायरी: दुखावलेल्या हाताचा वरचा भाग

पंजा बंद असला तरी खांदा आणि पाठ बंद नसतात. डॉक्टरांची हरकत नसेल, तर घोट्याला बांधायचा मऊ पट्टा कोपराच्या वर, दंडाला बांधून तो केबलच्या यंत्राला किंवा रबरी पट्ट्याला जोडावा. अशा रीतीने मूठ न वळवता हात बाजूला उचलणे, कोपर मागे ओढणे आणि दंड छातीसमोर आणणे, हे तिन्ही करता येते. कोपराने ढकलण्याची गादी असलेले छातीचे यंत्रही याच कारणासाठी चांगले. वजन सुरुवातीला अगदी हलके ठेवावे. मनगटाला बांधायची वजने मात्र नकोत. त्यांचा ओढा नेमका दुखापतीच्या जागेवर येतो.

सातवी पायरी: दम टिकवणे

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल करावी अशी आहे, आणि हातावर प्लास्टर असताना ती सहज पूर्ण करता येते. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला की तीव्रता मध्यम समजावी. चढाचे चालणे, जिने आणि एका जागी बसवलेली सायकल ही माझ्या पसंतीची तीन साधने आहेत. सायकलवर सरळ बसावे आणि दांड्याला हात लावूच नये; पाठ टेकता येणारी सायकल असेल तर आणखी बरे. चालण्याच्या यंत्रावर चढ वाढवावा, वेग नव्हे, कारण वेग वाढला की कठड्याला धरावेसे वाटते.

धावण्याची घाई करू नये. प्रत्येक पावलाला हात हिसकतो, रक्त खाली उतरते आणि ठेच लागल्यास दुखावलेलाच हात पुढे जातो. रस्त्यावरची सायकल, नौका वल्हवण्याचे यंत्र आणि दोरीवरच्या उड्या या काळात वगळाव्यात. पोहणे प्लास्टर, टाके किंवा त्वचेबाहेर आलेल्या तारा असेपर्यंत पूर्णपणे बंद.

घामाबद्दल थोडेसे: प्लास्टरच्या आत घाम साठला की खाज सुटते आणि त्वचा खराब होते, म्हणून व्यायाम थंड वेळी, हवेशीर जागी आणि छोट्या सत्रांत करावा. खाजवण्यासाठी आत पेन्सिल किंवा सळई घालू नये. बाहेर तारा असतील, तर घाम येईल असा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, कारण तारेच्या वाटेने जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. हालचाल कमी झाली म्हणून जेवण एकदम तोडू नये. जखम आणि हाड भरून येण्यासाठी ऊर्जा व प्रथिने लागतात. धूम्रपानाने हाड जुळणे लांबते, हे सिद्ध झालेले आहे.

आठवडा कसा बसवावा, याचा एक नमुना सांगतो. सोमवारी आणि गुरुवारी पाय व पोट, मंगळवारी आणि शनिवारी निरोगी हात व दुखावलेल्या बाजूचा खांदा, बुधवारी फक्त अर्धा-पाऊण तास चढाचे चालणे, शुक्रवारी एका जागची सायकल आणि रविवारी विश्रांती. निरोगी हाताचे तिसरे छोटे सत्र गुरुवारच्या शेवटी जोडता येते. प्रत्येक सत्र ४० मिनिटांच्या आत आटपावे आणि नंतर हात पंधरा मिनिटे उंच ठेवून बसावे.

आठवी पायरी: पकड परत आणणे

प्लास्टर निघाल्याच्या दिवशी हात पाहून अनेकांना धक्का बसतो. तो बारीक, कोरडा आणि ताठर दिसतो, आणि बाटलीचे झाकणही फिरत नाही. हे अपेक्षित आहे. परत येण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी हालचाल, मग पकड, मग ओढण्याचा भार आणि सर्वांत शेवटी तळव्यावरचा भार. मनगट आणि बोटे पूर्ण फिरू लागण्याआधी स्प्रिंगची पकड-साधने दाबत बसल्याने फक्त सूज वाढते. आरंभ मऊ व्यायाम-लगदा (हाताने दाबायचा मळलेल्या कणकेसारखा गोळा) दाबण्यापासून किंवा स्पंज कोमट पाण्यात दाबण्यापासून करावा, नंतर टॉवेल पिळावा, मग हलके डंबेल तळवा आत वळवून धरावे, कारण त्या स्थितीत मनगट सरळ राहते.

फिजिओथेरपिस्टकडे पकड मोजण्याचे उपकरण असते. दर दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही हातांची मोजणी करून घ्यावी. उजव्या हाताने कामे करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच साधारण दहा टक्क्यांनी जास्त बळकट असतो, त्यामुळे डावा हात दुखावला असल्यास तो उजव्याच्या तंतोतंत बरोबरीला येण्याची वाट पाहू नये, आणि उजवा दुखावला असल्यास बरोबरी झाली म्हणजे काम संपले असेही समजू नये.

किती करावे याची कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. व्यायाम करताना किंचित दुखले आणि सकाळी हात आदल्या दिवशीसारखाच असेल, तर प्रमाण योग्य आहे. सकाळी बोटे जाड वाटत असतील, अंगठी घट्ट होत असेल किंवा मूठ पूर्ण वळत नसेल, तर एक पायरी मागे यावे आणि तिथे चार-पाच दिवस राहावे.

तळव्यावरचा भार भिंतीपासून सुरू करावा. भिंतीला टेकून जोर, मग कमरेइतक्या उंच टेबलावर, मग बाकावर आणि मग जमिनीवर, असे प्रत्येक टप्प्याला किमान एक आठवडा द्यावा. मनगट मागे वाकवताना टोचत असेल, तर जोर काढण्यासाठी जमिनीवर ठेवायची हँडले वापरावीत, ती धरली की मनगट सरळ राहते. दांड्याला लटकणे आणि जमिनीवरून जड दांडा उचलणे यांचा क्रमांक त्यानंतर.

चेंडूचे खेळ आणि अंगाला अंग भिडणारे खेळ डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीनंतरच सुरू करावेत. बोटाची दुखापत असल्यास सुरुवातीचे काही आठवडे ते बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधून खेळण्याचा सल्ला बहुधा मिळतो. रस्त्यावर सायकल काढण्यापूर्वी ती उभी करून वर बसावे आणि दोन्ही ब्रेक वीस वेळा पूर्ण दाबून पाहावेत. विसाव्या वेळीही दुखावलेल्या हाताचा ब्रेक पहिल्याइतकाच झटपट आणि न दुखता लागला, तरच बाहेर पडावे. नाही लागला, तर एका जागची सायकल आणखी एक आठवडा चालवावी आणि मग पुन्हा मोजावे.